कापूस फुटायच्या आधी

१ सप्टेंबर २०२४, रविवार

झड कालपासून लागलेली. शेताच्या पांदणीत गुडघाभर चिखल, तेव्हा सगळी माणसं घरातच. बैलजोडी तेवढी खूश दिसते. डवरणी नाही, काही नाही.

आज खांदशेकणी. सासूबाईंनी दुपारीच तूप-हळद गरम करून ठेवली होती. संध्याकाळी यांनी पळसाची पानं तिच्यात बुडवून दोन्ही बैलांचे खांदे शेकले. डाव्या अंगाला चालणाऱ्या बैलाच्या खांद्यावर जू बसून बसून घट्टा पडला आहे. त्यावर हात ठेवला की तो मान खाली घालतो आणि डोळे अर्धे मिटून उभा राहतो. मुलीने विचारलं, "बाबा, त्याले दुखते काय?" हे म्हणाले, "दुखत नाही. आज कामाशिवाय कसा काय हात लावला, ते पाहून रायला." मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं. दारात आलेल्या पाहुण्याला 'बसा' म्हणायचं या माणसाला सुचत नाही, बैलांना मात्र दरवर्षी न चुकता आवतन जातं.

घरात पैसा नाही. हे आजच लिहून ठेवते, कारण पुढच्या पानांत सणच सण येणार आणि घर भरलेलं आहे असं वाटणार. बियाणं, खत, निंदण, फवारणी, सगळं देऊन झालं आहे. सोयाबीन निघायला दसरा उजाडेल, कापूस त्याच्याही पुढे. पोळा ते कोजागिरी हे आमचे सर्वांत कोरडे दिवस, आणि नेमके सगळे मोठे सण त्यातच. पंचांग लावणाऱ्याला शेतकऱ्याचा हिशेब ठाऊक नव्हता, असं माझे वडील चेष्टेने म्हणत. सासूबाईंचं म्हणणं उलटं आहे. "ठाऊक होता म्हणूनच लावलं. पैसा असला का माणूस बाजारात पळते, नसला का घरी बसून पुरण वाटते."

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. दुपारून पाऊस उघडला म्हणून बरं झालं. मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. पूर्वी तोरणाखाली जोड्या मावत नसत असं सांगतात. आता बैलांबरोबर हार घातलेले दोन ट्रॅक्टरही रांगेत उभे राहिले. म्हाताऱ्यांनी झडत्या म्हटल्या, पोरांनी हसून दाद दिली. सरकारला, व्यापाऱ्याला, सावकाराला, सगळ्यांना झडत्यांत यथेच्छ बोलून घेता येतं आणि कोणी रागावत नाही. आमच्या गावात वर्षातली एवढीच सभा अशी असते, जिथे प्रत्येक जण मनातलं बोलून घरी जातो.

बैल दारात आले तेव्हा मी पाय धुतले, जाऊबाईंनी ओवाळलं. सुपात पुरणाची पोळी. एका बैलाने ती एका घासात संपवली आणि दुसऱ्याच्या वाट्याकडे पाहू लागला.

३ सप्टेंबर, मंगळवार

तान्हा पोळा. धाकट्या दिरांचा मुलगा लाकडी बैल ओढत गावभर बोजारा मागून आला. बैलाचं एक चाक ढिलं आहे, त्यामुळे तो सारखा उजवीकडे वळतो आणि याला प्रत्येक घर दोनदा लागतं. तेच याचं भांडवल. चिल्लर मोजताना आजीला म्हणाला, "याचं चाक दुरुस्त करू नको बरं."

६ सप्टेंबर, शुक्रवार

ऊन पडलं, लगेच फवारणी. पाऊस उघडला की तुडतुडे वाढतात आणि बोंडअळीची धास्ती असतेच.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी हा शब्द साधा राहिलेला नाही. २०१७ च्या पावसाळ्यात विषबाधेने इथली वीसच्या आसपास माणसं गेली. दवाखान्यातल्या खाटांवर डोळ्यांना पट्ट्या बांधून निजलेली माणसं मला अजून दिसतात. त्या वर्षापासून सासूबाईंचा एक नेम आहे. यांनी पंप पाठीला लावायच्या आधी त्या देवापाशी दिवा लावतात. दिवा लावून झाला की दारात येऊन तपासणी करतात. तोंडाला मास्क आहे काय, हातमोजे आहेत काय, पोटात भाकर गेली काय, वारं कोणीकडून आहे. आज हे मोजे विसरून निघाले होते. त्यांनी फाटकातून परत बोलावलं. "दिवा लावला नं माय तू, मग?" असं हे म्हणाले, तर उत्तर आलं, "देवाचं काम देव करते. मोजे घालाचं काम तुयं हाय."

श्रद्धा म्हणजे भोळेपणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी फवारणीच्या दिवशी आमच्या दारात येऊन उभं राहावं.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आज ऋषीपंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नेम. मुलगी म्हणाली, "मंग ट्रॅक्टरनं नांगरलेल्या वावरातलं चालते की नाही?" सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "यंदा नाही. पुढच्या साली भटजीले विचारू." परसातली अळूची पानं, भेंडी, लाल भोपळा, दोडकं, सगळं एकात शिजवलं. गजानन महाराजांची पुण्यतिथीही आजच. गल्लीतली काही मंडळी शेगावला गेली आहेत. आमच्याकडे फोटोला हार आणि झुणका-भाकरीचा नैवेद्य. ज्याला जायला जमलं नाही त्याने घरी झुणका करावा, एवढी सोय महाराजांनी करून ठेवली आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार

महालक्ष्म्या आल्या. पुण्याहून मुलगाही आला, आणि त्याच्याबरोबर खोलीवर राहणारा त्याचा कोल्हापूरकडचा मित्र. ट्रॅव्हल्सवाल्यांनी सणाचं म्हणून भाडं दुप्पट लावलं. मुलगा चिडलेला, मित्र थकलेला, आणि सासूबाई दोघांच्या गालांवरून हात फिरवून एकच प्रश्न विचारत होत्या: "वाळला काऊन?"

धाकटीच्या मुखवट्याचा रंग नाकाशी उडाला आहे. जाऊबाईंचं मत नवी जोडी घ्यावी. त्यांच्या खात्यात सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे पैसे जमा झाले आहेत, त्यामुळे घरात सध्या त्यांचं मत वजनदार आहे. सासूबाई म्हणाल्या, "माया नाकाचाही रंग उडाला, मले बदलता काय?" विषय तिथेच संपला. जाऊबाईंनी त्या पैशांतून दोन्ही महालक्ष्म्यांना काठाची पातळं मात्र आणली, हिरवं आणि डाळिंबी. कोणतं ज्येष्ठेला आणि कोणतं कनिष्ठेला, यावर रात्री अकरापर्यंत चर्चा.

११ सप्टेंबर, बुधवार

पहाटे चारला उठून रात्री बाराला लिहिते आहे. पाय ठणकतात, पण आज लिहायचंच.

स्वयंपाक सांगायचा तर आंबिलीपासून. ज्वारीचं जाडसर पीठ काल रात्री ताकात भिजवलं होतं. सकाळी झाकण काढलं तेव्हा वर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास. पाणी उकळायला ठेवून त्यात ते हळूहळू सोडायचं, आणि मग हात थांबवायचा नाही. थांबला की गाठी. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या नुसत्या आवाजावरून सांगत होत्या: "अजून पातळ हाय... आता जाळ कमी कर... आता खोबऱ्याचे काप टाक." त्यांनी एकदाही पातेल्यात डोकावून पाहिलं नाही. घट्ट होत आलेल्या आंबिलीचा फदफद असा आवाज येतो, तो त्यांना ओळखू येतो. मला अजून येत नाही. जाऊबाईंना येतो, हे त्या वारंवार सांगतात.

सोळा भाज्या, पुरणाच्या पोळ्या, कढी, वडे, वर टांगायला फुलोरा. मुलाच्या मित्राला करंज्यांना दोरे बांधायचं काम दिलं होतं. त्याने ते एखाद्या यंत्राचा सुटा भाग जोडावा तशा काळजीने केलं. महालक्ष्म्यांपुढे त्यांची दोन लेकरं बसवतात, एक मुलगा, एक मुलगी. धाकट्या पुतण्याने आपला तान्हा बैलही त्यांच्याशेजारी आणून ठेवला. कोणी हलवला नाही.

जेवताना तो मित्र म्हणाला, "काकू, आम्हाला वाटायचं यवतमाळ म्हणजे..." आणि मध्येच थांबला. मुलगा ताटात पाहू लागला. यांनी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, वर तुपाची धार, आणि म्हणाले, "म्हण नं. यवतमाळ म्हणजे आत्महत्या. पेपरात तेच येते. खोटं नाही ते." मग थोडं थांबून, "पण पेपरवाला आमच्या घरी महालक्ष्म्यांत जेवाले येत नाही."

खरं तर येतात तेही खरंच लिहितात. या गल्लीच्या टोकाचं एक घर त्यातलंच आहे. पण बाहेरच्या माणसाला वाटतं की जिथे असं घडतं तिथे सण म्हणजे एकतर ढोंग असणार, नाहीतर नशा. मला ते पटत नाही. दुःख विसरायला म्हणून इथे कोणी पुरण वाटत नाही. ते विसरता येत नाहीच. पण पहाटे चारला चार बायका एका चुलीभोवती बसल्या की कोणाच्या तरी घरचं कर्ज, कोणाच्या लेकीचं बाळंतपण, कोणाचा वाळलेला नवरा, सगळं बोलून होतं. एकटं पडलेलं माणूस त्या चुलीपाशी कोणाला तरी दिसतं. दिसायचं राहिलं, तर आमचं चुकतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज हळदीकुंकू आणि बोळवण. कालचं वाक्य लिहिलं आणि आज त्याचीच परीक्षा झाली.

सासरे गेले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून सासूबाई सगळा सण हाताखालून घालतात आणि हळदीकुंकवाच्या वेळी मागच्या खोलीत जाऊन वाती वळत बसतात. आज चार वाजता त्यांनी मुलीला हाक मारली आणि गल्लीच्या टोकाच्या घरी पाठवलं, त्या बाईला बोलावून आण म्हणून. निंदणाला, वेचणीला ती आमच्या शेतात येते; हळदीकुंकवाला कधी आली नव्हती. जाऊबाईंचा चेहरा पडला. "आई, चार बायका येतील, बोलतील."

सासूबाईंचं उत्तर मी शब्दशः उतरवून ठेवते. "ते राजूरची पोरगी आठवते काय, संमेलनाच्या मंचावर बसवली होती ते? टीव्हीवर पाहून तू टाळ्या वाजवल्या. तिले मंचावर बसवता, अन् आपल्या गल्लीतल्या बाईले ओट्यावर बसवत नाही?"

जानेवारी २०१९ मधलं यवतमाळचं साहित्य संमेलन त्या सांगत होत्या. ठरलेल्या लेखिकेचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि उद्घाटन शेवटी वैशाली येडे यांनी केलं. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर उभी राहिलेली आपल्याच जिल्ह्यातली बाई. सासूबाईंच्या लेखी ती अजून 'पोरगी'च आहे.

मुलाच्या मित्राने मग सांगितलं, त्यांच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठरावच केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद म्हणून. सरकारनेही मग बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं कळवलं. सासूबाईंनी विचारलं, "ठराव कायले लागते? हळद वावरातली, कुंकू हळदीचं. त्यात नवऱ्याचं काय हाय?"

ती बाई आली. दारात थबकली. सासूबाईंनी तिला कुंकू लावलं आणि मग माझ्याकडे करंडा सरकवला, आपलं कपाळ पुढे केलं. माझं बोट जरा थरथरलं, टिळा वाकडा लागला. सोळा गाठींचा दोरा दोघींच्याही मनगटात बांधला. आलेल्यांपैकी दोघी ओटीही न घेता उठून गेल्या. जाऊबाई रात्रीपर्यंत बोलल्या नाहीत. दोघी गेल्या याचं सासूबाईंना मुळीच वाईट वाटलं नाही. त्यांच्या वाट्याच्या करंज्या त्यांनी गल्लीच्या टोकाच्या घरी डब्यात घालून दिल्या.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मुलगा गेला. घर मोठं झाल्यासारखं वाटतं.

पौर्णिमेपासून भुलाबाई बसली. मुलीने ओढ्याकाठची माती आणून भुलाबाई-भुलोजी केले, ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर. भुलोजीला डोळे काढताना एक जरा मोठा झाला, त्यामुळे ते सतत आश्चर्याने पाहत असतात. ती नववीत आहे. मैत्रिणींना यंदा लाज वाटेल अशी मला शंका होती. आल्या सगळ्या, दोघी तर मोबाइल हातात धरून. गाणी त्यावर पाहून म्हणतात. सासूबाईंना चालीत फरक ऐकू आला की त्या माजघरातून ओरडतात, आणि पोरी मोबाइलवाल्या चालीवर अडून बसतात.

खरी गंमत खिरापतीची. झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचं. गोड की तिखट, आंबट की खारट, एकेक प्रश्न. आज डबा आमचा होता आणि पोरी हरल्या. लाडू झाले, चिवडा झाला, पेढे झाले, सगळं विचारून झालं. आत होत्या उकडलेल्या ओल्या शेंगा, परसातल्या. एक पोरगी रुसली: "काकू, ही काय खिरापत असते?" पण शेंगा संपल्या, टरफलं ओट्यावर राहिली.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सासऱ्यांची तिथी. पितृपक्षात शुभ काही करत नाहीत, पण भुलाबाईला ते बंधन नाही. दुपारी पान वाढलं, कावळा वेळेवर आला. संध्याकाळी अंगणात पोरींची गाणी, त्यामागोमाग गुरुदेव सेवा मंडळाच्या मंडळींची सामुदायिक प्रार्थना. सासरे मंडळातले, तुकडोजी महाराजांना त्यांनी लहानपणी खंजिरी वाजवताना पाहिलं होतं आणि ती गोष्ट ते आल्यागेल्याला सांगत. ग्रामगीतेचे एकेचाळीस अध्याय त्यांनी किती वेळा वाचले असतील कोण जाणे. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने खताचे हिशेब लिहिलेले आहेत. सासूबाई म्हणतात, महाराजांना ते चाललं असतं. मलाही तसंच वाटतं. गावाला देव मानणाऱ्या ग्रंथात युरियाच्या गोणीने अंग चोरून कशाला बसावं?

९ ऑक्टोबर, बुधवार

यवतमाळची देवी पाहायला गेलो. कोलकात्याच्या खालोखाल दुर्गोत्सव यवतमाळचाच, असं इथला प्रत्येक माणूस सांगतो. मीही कोलकाता न पाहताच सांगते. दीर, जाऊबाई, पोरं, सासूबाई, सगळी एका टेम्पोत. जाताना कळंबला चिंतामणीचं दर्शन. पायऱ्या उतरून जमिनीखाली गाभाऱ्यात जायचं. सासूबाईंचे गुडघे म्हणून आम्ही वरूनच हात जोडा म्हणालो, त्या ऐकतात थोड्याच. चढताना मात्र दोन नातवंडांना दोन्हीकडे धरलं.

यवतमाळात दत्त चौकापासून पुढे चालायलाच जागा नव्हती. जागोजाग महाप्रसाद. एका मंडळाचा देखावा डोळे दिपवणारा, आणि शेजारच्या ध्वनिक्षेपकाने छाती हादरत होती. मला तो कर्णकर्कश प्रकार भक्ती वाटत नाही, वर्गणीचा धूर वाटतो. पुतण्याला वाटतो. तो खांद्यावर बसून नाचत होता. जाऊबाईंनी गर्दीत माझा हात धरला, तो टेम्पोपर्यंत सोडला नाही. हळदीकुंकवाचा विषय दोघींनीही काढला नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सोयाबीन काढून झालं, मळणीयंत्राचा नंबर उद्या. हमीभाव ४,८९२ जाहीर आहे. व्यापारी ओलावा सांगून त्याच्या बरंच खाली बोलतो. हे काही बोलले नाहीत, आपट्याची पानं वाटायला निघून गेले.

गल्लीच्या टोकाची बाई पहाटेच गावातल्या बौद्ध मंडळींबरोबर नागपूरला गेली. १९५६ च्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर तिचे आजे-सासरे होते. त्यांच्या घरात दसरा म्हणजे तो दिवस. जाताना भाकरी-ठेच्याचं गाठोडं आणि पांढरं पातळ. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आमच्यासाठी काय आणशीन?" ती म्हणाली, "पुस्तक आणतो, मायबाई. तुमची नात वाचून दाखवीन." महालक्ष्मीचा दोरा तिने ठेवला की काढला, ते मी पाहिलं नाही. तिच्याकडे तिचा देव नसलेला धर्म आहे, आमच्याकडे आमचे तेहतीस कोटी. ओटा मधला आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोजागिरी. भुलाबाईची शेवटची रात्र, तेहतीस खिरापतींच्या बाता मारून पोरींनी प्रत्यक्षात अकरा जमवल्या. थोरल्या लेकराला ओवाळायचं तर तो पुण्यात. व्हिडिओ कॉल लावला. मी निरांजन फिरवत होते आणि त्याच्या पडद्यावर नुसता उजेड दिसत होता. "आई, तू दिसतच नाहीस" असं तो ओरडत होता. मागे त्याचा मित्र उभा. सासूबाईंनी त्यालाही ओवाळायला लावलं. दूध इथे पोरांनी प्यायलं.

२० ऑक्टोबर, रविवार

सीतादही. वेचणीला हात लावायच्या आधी कपाशीची पूजा. आमच्या घरची रीत अशी: बांधाजवळच्या झाडांखाली लहान दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, फुटलेल्या बोंडातला कापूस ओढून एका झाडापासून दुसऱ्या झाडाला गुंडाळायचा, आणि दहीभात वावरात शिंपडायचा. सासूबाई शिंपडतात तेव्हा मूठ भरून शिंपडतात. मी चिमटीने शिंपडते म्हणून दरवर्षी बोलणी खाते. "द्याचं त दे नं बाई, मोजतं काय?"

वेचणीचा दर अजून ठरत नाही. गल्लीच्या टोकाची बाई मजुरिणींच्या वतीने भांडते आहे आणि किलोमागे जे मागते ते रास्तच आहे. यांनी तोंड वाकडं करून मान्य केलं. लांब धाग्याच्या कापसाला ७,५२१ हमीभाव; हातात काय पडतं ते खरेदी सुरू झाली की दिसेल. खालची बोंडं झडीने काळी पडली आहेत, वरची बरी आहेत.

दुपारी बांधावर जेवताना मुलाचा फोन. दिवाळीची ट्रॅव्हल्स आत्ताच बुक केली नाही तर भाडं आणखी वाढेल, काय करू म्हणून. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी उष्टा हात तसाच ठेवून फोन मागितला आणि म्हणाले, "करून टाक. त्या पोराचंही कर. कापूस फुटला."

किती फुटला ते सांगितलं नाही.